राज्य कसे असावे : स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांतील मित्रमैत्रिणींना खुले पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

स. न. वि. वि.

नवी पेठ, सदाशिव पेठ आणि शास्त्री रस्त्यालगतच्या गल्ल्यांतील अभ्यासिकांमध्ये बसून राज्यसेवेची आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाची तयारी करणाऱ्या तुम्हा सर्वांना हे पत्र लिहीत आहे. एखाद्या समाजाचे राज्य आदर्श म्हणायचे, तर ते कसे असावे, हा या पत्राचा विषय आहे. निबंधाच्या पेपरसाठी तुम्ही तो लिहून पाहता, मुलाखतीच्या सरावात त्यावर बोलता आणि पूर्वपरीक्षा संपलेल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यावरून वादही घालता. माझी सारी नोकरी राज्यशास्त्र शिकवण्यात गेली आणि निवृत्तीनंतरही या भागातील काही अभ्यासिकांतून मला बोलावणे येते. तिथे या प्रश्नाचे जे उत्तर माझ्या कानावर सर्वाधिक वेळा पडते ते मला पटत नाही, आणि का पटत नाही हे पाऊण तासाच्या व्याख्यानात सांगून होत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

ते उत्तर असे : दहा-पंधरा वर्षे एक खमका, स्वच्छ माणूस वर बसवावा, जिल्ह्याजिल्ह्यात त्याच्यासारखेच कडक अधिकारी नेमावेत, आणि सभा, समित्या, निवडणुका यांचे लोढणे तेवढा काळ बाजूला ठेवावे, म्हणजे देश मार्गी लागेल. असे म्हणणारी मुले उथळ नाहीत, हे मी पुरते जाणतो. जाहिरात निघण्याची वाट पाहण्यात एक वर्ष गेले, परीक्षा पुढे ढकलली म्हणून दुसरे गेले, निवड यादी न्यायालयात अडकली म्हणून तिसरे गेले, असे करत वयोमर्यादेकडे सरकत चाललेले आयुष्य ज्यांनी सोसले आहे, ज्यांचे कॉट बेसिसवरचे भाडे आणि मेसचा डबा गावाकडच्या कांद्याच्या पट्टीवर अवलंबून आहे, त्यांना दिरंगाईचा तिटकारा आला तर त्यात नवल काय? माझा आक्षेप तुमच्या रागाला नाही. त्या रागातून तुम्ही जो उपाय मागता, त्याने सर्वांत आधी तुमचेच तोंड बंद होईल, एवढे मला तुमच्यापुढे मांडायचे आहे.

तुमच्याच गल्लीत घडलेली गोष्ट घेऊ. 14 मार्च 2021 रोजी होणारी राज्यसेवा पूर्वपरीक्षा करोनाचे कारण देऊन पुढे ढकलल्याचे 11 मार्चला, म्हणजे अवघ्या तीन दिवसांआधी जाहीर झाले. त्या दुपारी शास्त्री रस्त्यावर विद्यार्थी उतरले, बघता बघता रस्ता भरून गेला, राज्यात इतरत्रही त्याचे पडसाद उमटले आणि अखेर परीक्षा 21 मार्चला झाली. पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये मुख्य परीक्षेची वर्णनात्मक, म्हणजे दीर्घ उत्तरांची पद्धत लगेच न आणता 2025 पासून लागू करावी यासाठी पुण्यात ठिय्या बसला आणि तोही निर्णय बदलला. मागण्या बरोबर होत्या की नव्हत्या, या वादात मी शिरत नाही. वर्णनात्मक पद्धत लवकर यावी असे म्हणणारे विद्यार्थीही तुमच्यात होते. लक्षात घ्यायचे ते हे की, दोन्ही वेळा निर्णय होण्याआधी तुम्हाला कुणी विचारले नव्हते, तुमचे म्हणणे ऐकून घेणारी ठरलेली जागा कुठेच नव्हती, म्हणून रस्ता हीच तुमची सभा झाली. आणि त्या सभेचे ऐकले गेले, कारण ऐकणाऱ्यांना विधानसभेत उत्तर द्यायचे होते, वर्तमानपत्रांना तोंड द्यायचे होते आणि पुढच्या निवडणुकीत मते मागायची होती. ज्याला यांपैकी कशाचीच पर्वा करण्याची गरज नाही, असा माणूस वर बसला असता तर त्या दुपारी शास्त्री रस्त्यावर काय झाले असते, याचा विचार करून पाहा.

आदर्श राज्याची माझी कसोटी यातूनच निघते. निर्णयाचा भार ज्यांच्या अंगावर पडणार आहे त्यांना तो होण्याआधी कळावा, त्यावर बोलण्यासाठी त्यांना हक्काची जागा असावी, आणि निर्णय चुकला असे दिसून आले तर तो फिरवण्याची रीत आधीच ठरलेली असावी. ती कुणाच्या भल्या मनावर अवलंबून नसावी. अध्यक्षीय पद्धत बरी की संसदीय, सभागृह एक असावे की दोन, हे प्रश्न तुमच्या अभ्यासक्रमात बरीच जागा अडवतात, पण मी ते दुय्यम मानतो. ग्रीक विचारवंत प्लेटोने कल्पिलेला तत्त्वज्ञ राजाही या कसोटीवर नापास होतो, कारण त्याचे चुकले तर काय करायचे, याची सोय त्या राज्यात नाही.

खमक्या अधिकाऱ्यांच्या हाती कारभार दिला तर काय होते, हे पाहायला पुणेकरांना लांब जावे लागत नाही. मार्च 2022 मध्ये पुणे महापालिकेतील नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रभागरचना व इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांवरचे वाद न्यायालयात पडून राहिल्यामुळे पुढे तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाने चालवला. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असे संविधानाचे कलम 243यू सांगत असतानाही हे झाले. त्या काळातील अधिकाऱ्यांच्या हेतूविषयी मला काहीही म्हणायचे नाही. त्यांतले काही कष्टाळू आणि कर्तबगार होते. प्रश्न रचनेचा आहे. आयुक्त या नात्याने जो प्रस्ताव मांडतो, तोच प्रशासक या नात्याने स्थायी समितीच्या आणि मुख्य सभेच्या खुर्चीवर बसून त्याला मंजुरी देतो. हजारो कोटींचे अंदाजपत्रकसुद्धा याच वाटेने जाते. हे का, इतके का, आमच्या भागात का नाही, असे अधिकृतपणे विचारणारा एकही माणूस त्या खोलीत नसतो, आणि कुणी विचारलेच नाही तर पुढे कधी इतिवृत्त काढून पाहावे, तर त्यात प्रश्नही नसतो आणि उत्तरही नसते.

सभागृहात विरोध नोंदला जाण्याचे मोल काय असते, हे याच शहराच्या नगरपालिकेने एकदा पाहिलेले आहे. महात्मा जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीनिमित्त शहर सजवण्यासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा विषय निघाला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा असे म्हणत त्यांनी एकट्याने विरोधात मत दिले. ठराव मंजूर झाला. पण सरकारने नेमलेला सदस्यसुद्धा सरकारच्या पाहुण्याच्या स्वागताला नाही म्हणू शकतो, हे त्या दिवशी कागदावर आले आणि म्हणूनच आपण आजही त्याविषयी बोलू शकतो. सभेत हरलेला माणूस आपले म्हणणे मागे ठेवून जातो. सभाच नसेल तर मागे काही उरत नाही.

तुमच्यापैकी अनेकजण इथे छत्रपती शिवाजी महाराजांचे उदाहरण देतील, आणि ते द्यायलाच हवे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, असे आपल्या अधिकाऱ्यांना बजावणारे पत्र आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे. पण महाराजांचे मोठेपण केवळ त्यांच्या धाकात शोधणे अपुरे आहे. वतने देण्याऐवजी रोख पगार द्यायचा, म्हणजे अधिकारी जहागीरदार होऊन रयतेच्या डोक्यावर बसत नाही, ही त्यांनी आखलेली रचना होती आणि ती काळाच्या फार पुढे होती. 1680 मध्ये महाराज गेले, मोगली आक्रमणाचा वणवा पेटला, आणि राजाराम महाराजांच्या काळात सरदारांना स्वराज्याशी बांधून ठेवण्यासाठी वतने व सरंजाम देणे पुन्हा सुरू करावे लागले. ती त्या काळाची निकड होती. तरीही आपण त्यातून शिकायचे ते हे की, इतका थोर राजा आणि इतके चांगले धोरण असूनही ते धोरण राजाच्या माघारी टिकले नाही, कारण ते टिकवण्याचा अधिकार आणि ताकद रयतेच्या हाती नव्हती.

आणि रामशास्त्री प्रभुणे? निःस्पृह अधिकाऱ्याचे याहून लखलखीत उदाहरण मराठी माणसाकडे नाही, आणि मुलाखतीत आदर्श कोण असे विचारले तर तुमच्यातील निम्मे जण हेच नाव घेतात. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. खुद्द सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना रामशास्त्रींनी दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पद सोडून पुणे सोडले. त्या बाण्याला माझा साष्टांग नमस्कार आहे. तरी पुढचा भाग वगळून ही गोष्ट सांगू नका. न्यायाधीशाचा निवाडा अमलात आणील अशी कोणतीही यंत्रणा त्या राज्यात नव्हती. राघोबांची सत्ता गेली ती सखारामबापू, नाना फडणवीस, हरिपंत फडके आदी कारभारी एकत्र आले आणि त्यांनी नारायणरावांच्या विधवा पत्नीच्या नावाने कारभार उभा केला म्हणून. एका माणसाच्या सचोटीने सत्य सांगितले गेले. पण सत्ता हलली ती अनेकांनी मिळून ठरवल्यावर. तुम्ही जरूर रामशास्त्री व्हा, पण रामशास्त्रींना गाव सोडून जावे लागणार नाही असे राज्य उभारणे, हे त्याहून मोठे काम आहे.

सत्ता असलेल्याने ती आपण होऊन खाली सोपवल्याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे आणि तुमच्या नोट्समध्ये त्याला बहुधा एखादी ओळही मिळत नाही, म्हणून मी त्यावर थोडा रेंगाळतो. औंध हे 72 गावांचे छोटे संस्थान, आणि ती गावेही सलग नव्हेत, सातारा, आटपाडीपासून विजापूरकडच्या मुलखापर्यंत विखुरलेली. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 च्या अखेरीस आपले अधिकार प्रजेकडे देण्याचे जाहीर केले आणि जानेवारी 1939 मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू केली. बॅरिस्टर होऊन आलेले राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली. या घटनेत राज्याचा पाया गावची पंचायत हा होता. पंचायतींमधून तालुक्याची सभा आणि त्यातून वरचे विधिमंडळ, अशी ती खालून वर चढत जाणारी मांडणी होती. गावच्या गावात झगडे मिटावेत, शाळा आणि रस्ते गावाने ठरवावेत, असा प्रयत्न झाला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची भिंतीविना कैद्यांची वसाहत याच संस्थानाने 1939 मध्ये वसवली, आणि आपल्या माणसांवर विश्वास टाकणारे राज्य कैद्यावरही किती विश्वास टाकू शकते, हे तिने दाखवून दिले.

औंधचा प्रयोग निर्दोष नव्हता. मतदानासाठी साक्षरतेची अट घातली गेली होती, त्यामुळे ज्यांना सर्वांत आधी बोलायला मिळायला हवे होते तेच बाहेर राहिले. शाळा वेगाने वाढवून ही उणीव भरून काढावी असा विचार होता, पण अट ती अटच. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि प्रयोग तिथेच थांबला. एवढ्या अल्प काळावरून मोठे निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. तरीही शेतकऱ्याला कारभार कळत नाही, हे तुम्ही-आम्ही जे सहज बोलून जातो, त्याला औंधच्या पंचायतींनी उत्तर दिले होते.

दुसरे उदाहरण आजचे आहे, आणि ते गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. 1980 च्या दशकात धरणांविरुद्धच्या आंदोलनातून जागे झालेल्या या गावाने ग्रामसभेत बहुमताने निर्णय घ्यायचाच नाही, सर्वांची सहमती होईपर्यंत थांबायचे, असा नियम स्वतःला घालून घेतला. देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे जी पद्धत रुजवली तिचे दोन भाग आहेत. एक अभ्यासगट. त्यात विषयाची माहिती घ्यायची, जाणकारांना बोलवायचे, बाहेरच्यांनीही यायचे, पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. दुसरी ग्रामसभा. तिथे निर्णय घ्यायचा, आणि तो गावानेच घ्यायचा. जाणकाराने सांगावे आणि भोगणाऱ्याने ठरवावे, ही जी विभागणी या गावाने केली, तिच्याइतका नेमका विचार मला अनेक जाड ग्रंथांत सापडलेला नाही. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये आपल्या जंगलातला बांबू तोडून विकण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. जे गाव वर्षानुवर्षे वनखात्याच्या परवानगीसाठी ताटकळत होते, त्याच गावाने बांबू विकून मजुरी वाटली आणि हिशेबही ठेवला.

इथे तुमच्यातील काहीजण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला देतील आणि मला गप्प करतील, असे वाटते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना कठोर शब्दांत सुनावले होते. गाव हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मी गप्प होणार नाही, पण ते म्हणणे बाजूलाही सारणार नाही, कारण ते खरे आहे. ज्या गावात पाणवठा वेगळा ठेवला गेला, त्या गावच्या सभेत सर्वसहमती म्हणजे दुबळ्याने मान डोलावणे, एवढाच अर्थ उरू शकतो. पुण्याचेच उदाहरण आठवा. 24 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला, तो याच प्रश्नावर : जो समाज संख्येने कायमच कमी आहे त्याने केवळ मतांच्या जोरावर आपले हित कसे राखायचे? प्रांतिक विधिमंडळांत दलितांना 148 राखीव जागा मिळाल्या, पण मतदारसंघ संयुक्त राहिले, आणि त्या तडजोडीविषयीची बाबासाहेबांची खंत नंतरही कायम राहिली. म्हणून आदर्श राज्यात काही गोष्टी सभेच्याही हातात नसाव्यात. माणसाची प्रतिष्ठा, समतेचा हक्क, बोलण्याचे स्वातंत्र्य, न्यायालयाचे दार, यांवर कोणत्याही गावाने, प्रभागाने किंवा संसदेने मतदान घेऊ नये. 25 नोव्हेंबर 1949 च्या, संविधान सभेतील शेवटच्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविषयी जो इशारा दिला, तोही खमक्या नेत्याची आस धरणाऱ्यांनी पुन्हा एकदा वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सभा असणे आणि सभेत विचारले जाणे यांत किती अंतर असू शकते, हे मी जवळून पाहिलेले आहे. पुण्यापासून फार दूर नसलेल्या एका गावात विद्यार्थ्यांना घेऊन ग्रामसभा पाहायला गेलो होतो. वेळ सकाळी अकराची, म्हणजे बायका खुरपणीला रानात असण्याची. देवळापुढच्या मंडपात टेबलावर इतिवृत्ताची वही उघडी होती, आणि सभा सुरू होण्याआधीच तिच्यात दोन पाने सह्या आणि निळे अंगठे उमटलेले होते; आदल्या दिवशी वही घरोघरी फिरली होती. शंभर माणसे किंवा मतदारांच्या 15 टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती कायद्याला लागते, ती अशी कागदावर भरली गेली. विषय भराभर वाचले गेले, सूचक-अनुमोदकांची नावे आधीच लिहिलेली होती. मागच्या खांबाजवळ उभ्या असलेल्या एका वयस्कर बाईंनी विचारले की नळाची पाइप आमच्या वस्तीच्या अलीकडेच का थांबली. विषयपत्रिकेवर हा विषय नाही, असे उत्तर मिळाले. त्या आणखी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करून निघून गेल्या. वहीत त्यांचा प्रश्न आला नाही. त्या गावात निवडणूक नियमित होते, सरपंचपद महिलांसाठी राखीव होते, कायद्याचे सारे सोपस्कार पुरे झाले होते.

त्या टेबलामागे उद्या तुम्ही बसणार आहात, गटविकास अधिकारी म्हणून, मुख्याधिकारी म्हणून, नायब तहसीलदार म्हणून. म्हणून हे पत्र मी मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहे.

आता सभेत कोण बोलणार, याविषयी एक कल्पना तुमच्यासमोर ठेवतो. निवडणुकीला उभे राहण्यासाठी पैसा, गोतावळा आणि पक्ष लागतो. त्यामुळे निवडून येणाऱ्यांत रिक्षा चालवणारी, धुणीभांडी करणारी, रात्रपाळीची माणसे विरळाच दिसतात. यावर चिठ्ठ्या टाकून माणसे निवडण्याचा उपाय फार जुना आहे. तमिळनाडूतील उत्तिरमेरूर येथे चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, इसवी सन 920 च्या सुमाराचे शिलालेख आहेत. गावच्या समित्यांवर माणसे नेमण्यासाठी ताडपत्रांवर नावे लिहून ती घड्यात टाकायची आणि लहान मुलाकडून काढून घ्यायची, अशी पद्धत त्यांत खोदून ठेवली आहे. ज्याने आधीच्या मुदतीचा हिशेब दिला नाही, तो आणि त्याचे जवळचे नातेवाईक अपात्र, हाही नियम तिथे आहे. जमीन आणि वेदविद्या यांच्या अटी असल्यामुळे त्या घड्यात बहुसंख्यांची नावे पडतच नव्हती, हे विसरून चालणार नाही. पण पद्धत हुशारीची होती. आयर्लंडने 2016 मध्ये तीच पद्धत सर्वांसाठी खुली केली. मतदारांतून चिठ्ठीच्या रीतीने 99 सामान्य नागरिक निवडले, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश अध्यक्ष झाल्या. गर्भपातावरील संविधानिक बंदीसारख्या, राजकारण्यांनी अनेक वर्षे टाळलेल्या प्रश्नावर त्यांनी सर्व बाजूंच्या तज्ज्ञांना ऐकले आणि शिफारस केली, आणि 25 मे 2018 च्या सार्वमतात जनतेने ती उचलून धरली. म्हणजे मेंढा गावाचा अभ्यासगट आणि ग्रामसभा, हीच रचना देशाच्या पातळीवरही चालली.

पुण्यासाठी मी जे राज्य कल्पितो, त्याची सुरुवात नव्या कायद्याने करावी लागत नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सांगितल्या, 2009 मध्ये राज्याने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातील छोट्या भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद केली, आणि 2006 पासून पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते आहे. सुचवलेली कामे बहुतेक पदपथ, बाक, दिवे अशी लहान असतात, पण वाट आहे. क्षेत्रसभा मात्र नाहीच म्हणावी इतकी दुर्मीळ. तिची नोटीस आजवर कुणी पाहिली का, हे अभ्यासिकेत एकमेकांना विचारा. माझ्या कल्पनेतील पुण्यात दर क्षेत्रसभा संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी भरते, मागच्या सभेतील ठरावांचे काय झाले ते आधी वाचले जाते, आणि नदीकाठ, टेकडी, मोठा उड्डाणपूल अशा पिढ्यानपिढ्या परिणाम करणाऱ्या कामांसाठी चिठ्ठीने निवडलेले नागरिक दोन-तीन महिने बसून, कागदपत्रे पाहून, सर्वांना ऐकून आपले मत जाहीर करतात. महापालिकेने ते मानलेच पाहिजे असे नाही, पण मानले नाही तर कारण लेखी द्यावे लागते. प्रत्येक मोठ्या निर्णयावर फेरविचाराची तारीख आधीच लिहिलेली असते. आणि त्या सभेत भाडेकरूही बसतात. तुम्ही ज्या गल्लीत पाच-सहा वर्षे राहता, जिथले पाणी पिता, जिथल्या रात्रीच्या अंधारातून अभ्यासिकेहून खोलीवर परतता, तिथल्या मतदार यादीत तुमच्यापैकी बहुतेकांचे नाव नसते, कारण नाव गावाकडे असते. ज्याच्यावर परिणाम होतो त्याला जागा, हे सूत्र मानले तर एवढ्या मोठ्या समूहाला बाहेर ठेवून चालणार नाही.

याने वेळ लागेल हा तुमचा आक्षेप शिल्लक राहतो आणि तो खरा आहे. विचारून केलेल्या कामाला सुरुवातीला वेळ लागतो. पण न विचारता केलेली कामे पुढे न्यायालयात, आंदोलनात आणि पुन्हा खोदाईत किती वर्षे खातात, याचा हिशेब कुणी मांडत नाही. शिवाय हक्क एकदा कायद्यात बांधला की वेग आपोआप येतो, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. 1972 च्या दुष्काळात वाढलेली रोजगार हमी योजना 1977 मध्ये कायदा झाली, तेव्हा काम मागणाऱ्याला ठराविक मुदतीत काम दिलेच पाहिजे आणि न दिल्यास भत्ता द्यावा, हे सरकारवर बंधन आले. त्यासाठी 1975 पासून शहरातील पगारदार आणि व्यावसायिकांनी व्यवसाय कर भरला. कलेक्टरच्या कृपेची वाट पाहत बसलेल्या मजुराच्या हाती मागणीचा अर्ज आला, हे त्या कायद्याचे मोठे यश. अंमलबजावणीत अनेक ठिकाणी खोट राहिली तरीही.

माझी तुमच्याकडे मागणी मोजकी आहे. पहिल्या नेमणुकीच्या ठिकाणी सभेची नोटीस आठ दिवस आधी वस्तीवस्तीत, वाचून दाखवून द्या. वही घरोघरी फिरवू देऊ नका. विषयपत्रिकेबाहेर आलेला प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासह लिहून घ्या आणि पुढच्या सभेत त्याचे उत्तर पहिल्यांदा द्या. तुमच्या निर्णयाविरुद्ध कुठे दाद मागता येते, हे निर्णयाच्या कागदावरच लिहा. यातील एकाही गोष्टीसाठी मंत्रालयाची परवानगी लागत नाही. आणि त्याआधी, परीक्षेच्या या दिवसांतच, आपापल्या अभ्यासिकेत एक सभा भरवा : फी, वेळा, मुलींसाठी रात्रीची सोय, जागांचे वाटप हे विषय घ्या, मालकांनाही बोलवा, इतिवृत्त लिहा आणि महिन्याने पुन्हा बसा. जे माझ्या मताशी सहमत नाहीत त्यांनी खमक्या राज्याची आपली मांडणी लिहून मला जरूर पाठवावी. तिच्यात, तो माणूस चुकला तर त्याला कोण आणि कसे सांगणार, यासाठी एक परिच्छेद असावा, एवढीच अपेक्षा आहे. ती मांडणी मी पुढच्या व्याख्यानात तुमच्यासमोर वाचून दाखवीन आणि तिच्यावर बोलायला तुम्हालाच उभे करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
राज्यशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
पुणे